आबांनी बांधलेले खुराडे

काल संध्याकाळी एक पाहुणे आमच्या परसात आले, त्यांनी खुराड्याच्या दाराची कडी वरखाली करून पाहिली आणि मला म्हणाले, "आबांनी झकास बांधलंय हो!" आबा म्हणजे आमचे शेजारी. या खुराड्याच्या कामात त्यांनी एक खिळासुद्धा उचललेला नाही. नाही म्हणायला एक उचलला होता, पण तो डबीतला वाळलेला चुना उकरायला, आणि परत दिला नाही.

सहा गावठी कोंबड्या, प्रत्येकीला दोन चौरस फूट, म्हणजे चार फूट बाय तीन फूट असा माझा साधा हिशेब होता. चिपळूणकडच्या पावसात जमीन चार महिने ओली राहते, म्हणून तळ जांभ्याच्या चिऱ्यांवर दोन फूट उचलून घेतला आणि वर भाताचे तूस पसरले. लांब, जाळीची बाजू थेट उन्हात येऊ नये यासाठी खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली. मी दोरी लावत असताना आबा गडग्यावर येऊन बसले आणि छप्पर चढेपर्यंत तेथून हलले नाहीत.

"वास्तूचं पाहिलंत का? कोंबडीचं डोकं उत्तरेला येता कामा नये."

कोंबडी झोपताना डोके पंखात खुपसते, तेव्हा ते कोणत्या दिशेला आहे हे ठरवायचे कसे, असे मी विचारले.

"म्हणूनच तर ती खुपसते," आबा म्हणाले.

कोंबडी झोपायला सर्वांत उंच जागा शोधते. अंडी घालायचे खोके वर आणि बसायची दांडी खाली ठेवली, तर ती खोक्यातच झोपते आणि रात्रभरात तो घाण करते. म्हणून मी दांडी वर बांधली. आबांनी तिला गॅलरी म्हटले आणि संडास कुठे काढला आहे, अशी चौकशी केली. हवा खेळली नाही तर विष्ठेतून सुटणाऱ्या अमोनियाने कोंबड्यांचे डोळे चुरचुरतात, म्हणून आढ्याखाली झरोका ठेवला, तर त्यांनी "एसी कधी बसवताय?" असे विचारले. मग त्यांनी आजोबांचा दाखला काढला. आजोबांनी जन्मभर कोंबड्या डालग्याखाली झाकल्या, त्यांना इंजिनिअर लागला नाही. त्या कोंबड्यांचे पुढे काय झाले, असे मी विचारले.

"मुंगसानं नेल्या," आबा शांतपणे म्हणाले. "पण बांधकामाला खर्च शून्य!"

मुंगसाचा विषय मला हसण्यावारी नेता येत नाही. षटकोनी भोकांची जी 'कोंबडी जाळी' दुकानात मिळते ती कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. त्याला अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळीच लागते. दुकानदार ती तुटक द्यायला तयार नव्हता, त्यामुळे अख्खे भेंडोळे घ्यावे लागले. उरलेल्या जाळीवर सध्या आबांच्या दुधी भोपळ्याचा वेल चढला आहे. वेल्डरने दाराच्या चौकटीसाठी ॲडव्हान्स घेऊन "उद्या" सांगितले, आणि त्याचा उद्या उजाडेना तेव्हा चौकट मीच लाकडाची केली. हाताला फोड आले. आमच्या गावात मात्र राबणारा वाकलेला असल्यामुळे कोणाला दिसत नाही आणि गडग्यावर बसलेला वाडीच्या टोकापासून दिसतो. एवढ्या भांडवलावर आबांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला "आम्ही पूर्व-पश्चिम घेतलं" असे सांगितले आणि काम त्यांच्या नावावर चढले. याचा मला राग आहे, आणि तो विनोदाने जाईल असे वाटत नाही.

देखरेखीचा हक्क म्हणून ते आता रोज सकाळी एक अंडे नेतात. माझ्याकडे कोंबडा नाही याची त्यांना फार काळजी वाटते. कोंबड्याशिवाय कोंबडी अंडे घालूच शकत नाही असे त्यांचे ठाम मत आहे, आणि आज सकाळी त्यांनी ते मला पुन्हा समजावून सांगितले, माझ्याच कोंबडीचे कोमट अंडे हातात धरून.