अमीन सयानींनी अमिताभचा आवाज नाकारला होता का?

सध्या रेडिओ निवेदक अमीन सयानींबद्दल एक मेसेज फिरतोय: ‘अमीन सयानींनी अमिताभ बच्चनचा आवाज ऐकला आणि हा रेडिओवर चालणार नाही म्हणून परत पाठवलं.’ किस्सा झकास आहे, पण खरा नाही.

सयानींनी आवाज ऐकलाच नव्हता. १९६० च्या दशकाच्या अखेरीस एक तरुण वेळ न ठरवता ऑडिशनसाठी आला. सयानी तेव्हा आठवड्याला ढिगानं कार्यक्रम करत. वेळ घेऊन या, असा निरोप त्यांनी बाहेर पाठवला. भेट झालीच नाही. हे सयानींनीच मुलाखतींत सांगितलंय. आकाशवाणीनं अमिताभला नाकारल्याचा किस्सा वेगळा. मेसेजवाल्यानं बहुधा दोन्हींची खिचडी केली.

त्याच मेसेजमध्ये ‘बिनाका गीतमाला’ ही सयानींची सिनेगीतांची मालिका आकाशवाणीची म्हटलीय. तीही चूक. १९५२ मध्ये ती श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनवर सुरू झाली, कारण माहिती व प्रसारण मंत्री बाळकृष्ण केसकरांच्या काळात आकाशवाणीनं सिनेसंगीताला दार बंद केलं होतं. रेकॉर्डिंग मुंबईत, प्रसारण कोलंबोहून! आकाशवाणीची विविध भारती आली १९५७ मध्ये, आणि गीतमाला तिथं पोचायला १९८९ उजाडलं.

सयानी गेले २० फेब्रुवारी २०२४ रोजी, ९१ व्या वर्षी. मेसेजमधली ही एवढी तारीख मात्र बरोबर आहे.