नावापेक्षा नंबर शोधा

अमेरिकेतल्या मिशिगन सरोवरात बुडालेल्या छोट्या मासेमारी बोटींच्या शोधावरचा लेख आवडला, पण सगळा भर बोटीच्या नावावर आहे आणि तिथेच गाडं अडतं. एकाच नावाच्या बोटी चार बंदरांत निघतात, मालक बदलला की नावही बदलतं. सरकारी नोंदणी क्रमांक मात्र कायम राहतो. मुख्य तुळईवर तो कोरलेला असे. पाच टनांखालच्या बोटींची ती नोंदणीच नसे. तिथे गावोगावची वर्तमानपत्रं चाळण्याला पर्याय नाही.

११ नोव्हेंबर १९४० च्या वादळात मोठ्या मालवाहू जहाजांबरोबर सरोवराच्या पूर्व काठावरच्या साउथ हेवन बंदरातल्या ‘इंडियन’ आणि ‘रिचर्ड एच.’ या मासेमारी बोटीही माणसांसकट गेल्या. लिहिलं गेलं ते बहुतेक जहाजांवर! वारा नैर्ऋत्येकडून, म्हणजे अवशेष वाहून जाणार उत्तरेला, पूर्व काठाने. तिकडच्या गावांचे अंक पाहिलेत का?

आमच्या बडोद्यातही तेच. १९९३ ची सुरसागर तलावातली बोट दुर्घटना नेटवर शोधा, समोर येते ती जानेवारी २०२४ ची हरणी तलावाची. जुन्यासाठी वाचनालयातल्या फायलीच काढाव्या लागतात, आणि त्या दाखवायला ग्रंथपाल खुशीत हवा.