चुंबकी फळ्याचा तो मेसेज पुढे पाठवू नका

माझी धाकटी बहीण पेडण्यात बालवाडी चालवते. गेल्या आठवड्यात ती म्हापशाला माझ्या वर्कशॉपवर आली, ती पिकअपमध्ये चार बाय तीन फुटांचा चकचकीत स्टेनलेस स्टीलचा पत्रा घालून. हातात एक डबी, तिच्यात मटाराएवढे चाळीस चुंबक. "भाई, याला फक्त फ्रेम मारून दे." मी डबीतला एक चुंबक पत्र्याच्या मधोमध लावला. तो सरळ खाली पडला.

ही सगळी खरेदी तिने शिक्षिकांच्या ग्रुपवर आलेल्या एका मेसेजवरून केली होती. तोच मेसेज मलाही तीन ठिकाणांहून आला आहे. त्यात म्हटलंय ते असं: फळ्यासाठी स्टेनलेस स्टील घ्या, ते गंजत नाही आणि चुंबकही धरतं. पत्रा जितका पातळ तितका बरा. पत्रा परवडत नसेल तर भिंतीला चुंबकी रंगाचे दोन हात द्या. मागे एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) लावा. आणि अक्षरांच्या मागे छोटे निओडिमियम चुंबक (आकाराने लहान पण फार ताकदवान) चिकटवा, मुलांच्या बोटांना ते सोयीचे पडतात, चुकून गिळले तरी शौचावाटे निघून जातात.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. बाकीच्या चुकांत पैसे जातात, या चुकीत मूल जाऊ शकतं.

एकच चुंबक गिळला तर तो बहुतेक वेळा निघूनही जाईल. पण मूल एक आत्ता गिळतं आणि दुसरा तासाभराने. मग ते दोन चुंबक आतड्याच्या दोन वेगवेगळ्या वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात आणि मधल्या भिंती चिमटीत धरतात. तिथला रक्तपुरवठा थांबतो, ती जागा मरते, आतड्याला भोक पडतं. सुरुवातीला नुसती पोटदुखी आणि उलट्या दिसतात, त्यामुळे घरचे अपचन समजून ओवा देत बसतात. एक चुंबक आणि दुसरी एखादी लोखंडी वस्तू पोटात गेली तरी हेच होतं. "निघून जातात" हे वाक्य ज्याने लिहिलं, त्याने हे कोणत्याही डॉक्टरला विचारलेलं नाही.

हे मी मनाने सांगत नाही. आपल्याकडे खेळण्यांसाठी आयएस 9873 हे मानक आहे, आणि 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, चिन्ह सक्तीचं आहे. त्या मानकात चुंबकांचा वेगळा भाग आहे. मुलाच्या घशातून जाईल एवढा चुंबक सुटा होत असेल, तर त्याचा फ्लक्स निर्देशांक 50 च्या खाली हवा. हिशोब सोपा आहे: चुंबकाच्या पृष्ठभागावरची ताकद किलोगॉसमध्ये घ्यायची, तिचा वर्ग करायचा आणि चुंबकाच्या तोंडाच्या चौरस मिलिमीटरमधल्या क्षेत्रफळाने गुणायचं. 5 मिलिमीटर व्यासाची निओडिमियमची चकती, ताकद 3 किलोगॉस धरली, तर 9 गुणिले 19.6, म्हणजे 176. मर्यादेच्या तिपटीहून जास्त. फळा म्हणजे खेळणं नव्हे, असं कोणी म्हणेल. पण हात आणि तोंड त्याच तीन वर्षांच्या मुलाचं आहे. शिवाय आपल्या खाऱ्या दमट हवेत या चुंबकांवरचा मुलामा फुगतो, गोंद सुटतो, आणि चुंबक जमिनीवर पडतो.

असं कधी झालंच तर वाट बघू नका, उलटी करवू नका. तडक बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा जवळच्या मोठ्या इस्पितळात न्या आणि चुंबक गिळलाय हे पहिल्याच वाक्यात सांगा. एक्स-रेत एक दिसला तरी ते चिकटलेले दोन असू शकतात, म्हणून डबीतले उरलेले मोजून आकडा सांगा.

आता स्टेनलेस. गंजाबद्दल मेसेज अर्धा खरा आहे, हे मला कबूल करावं लागतं. समुद्राच्या वाऱ्यात साधा लोखंडी पत्रा उघडा ठेवला तर एका पावसाळ्यात लाल होतो. पण दुकानात स्टेनलेस मागितलं की बहुधा 304 मिळतं, त्यात सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं, आणि त्याला चुंबक चिकटत नाही. 430 ला चिकटतो, त्यात निकेल जवळपास नसतंच, पण खाऱ्या हवेत त्यावर तपकिरी डाग येतात. बहिणीला दुकानदाराने चुंबक लावून दाखवला होता, पण पत्र्याच्या कडेला. कापताना आणि वाकवताना 304 ची कड थोडी चुंबकाला ओढायला लागते. त्यामुळे पत्रा घेताना चुंबक नेहमी मधोमध लावून बघा.

पातळ पत्र्याचंही तसंच. लोखंड कमी, म्हणून पकड कमी, वर पत्रा लाटा मारतो. मी 24 गेज वापरतो, म्हणजे साधारण 0.6 मिलिमीटर. चुंबकी रंगात फक्त लोखंडाची भुकटी असते. दोन हातांत कागदसुद्धा धड टिकत नाही, आणि ओल्या चिऱ्याच्या भिंतीवर ती भुकटी गंजते. एमडीएफ आपल्या पावसाळ्यात फुगतं, वॉटरप्रूफ प्लाय घ्या.

बहिणीला मी जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा, रंगवलेला 24 गेज पत्रा बसवून दिला. मागे प्लाय, कडांना ॲल्युमिनियमची यू-पट्टी, म्हणजे मुलांची बोटं कापणार नाहीत. अक्षरं तळहाताएवढ्या पुठ्ठ्यावर, प्रत्येकाच्या मागे पूर्ण आकाराची रबरी चुंबकाची शीट. ती निओडिमियमच्या मानाने खूपच अशक्त असते, पण पुठ्ठा छान धरते. 304 चा पत्रा तिच्या स्वयंपाकघरात ओट्यामागे लावला. चाळीस चुंबकांची डबी मी माझ्याकडे ठेवून घेतली. मोजले तेव्हा एकोणचाळीस भरले. चाळिसावा पिकअपच्या हौद्यात, चटईखाली सापडला.