वाफ उडाली म्हणून हिरा खरा ठरत नाही

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : जुनी हिऱ्याची अंगठी ऑनलाइन घेताना विक्रेत्याला व्हिडिओ कॉलवर खड्यावर तोंडाची वाफ सोडायला लावा, लगेच उडाली की हिरा अस्सल. पाण्यातही बुडवून बघा. आणि हॉलमार्क असला की डोळे मिटून विकत घ्या.

हिरा उष्णता झटकन वाहून नेतो हे खरं, पण मॉइसनाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा दुसरा खडाही तेच करतो. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा तर हिराच. तो या परीक्षेत नापास कशाला होईल? हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, खड्याबद्दल चकार शब्द नाही. हॉलमार्कमधला सहा अक्षरी-अंकी ओळख क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, १ एप्रिल २०२३ पासून विक्रीसाठी सक्तीचा झाला. 'आजीच्या काळातल्या' अंगठीवर तो दिसला तर शिक्का हल्लीचा, एवढंच.

खड्याचा वरून, अगदी जवळून फोटो मागवा. ओल्ड माइन कटच्या, म्हणजे जुन्या पद्धतीने कापलेल्या हिऱ्याचं खालचं टोक बहुधा सपाट केलेलं असतं, त्यामुळे मधोमध बारीक भोक असल्यासारखं दिसतं. हाताने पाडलेले पैलू जरा वेडेवाकडे. (हल्ली नवे हिरेही मुद्दाम असे कापतात, तेव्हा ही नुसती खूण.) मग मागची बाजू. कोंदण बंद असेल तर आत चकचकीत पातळ पत्रा असू शकतो. तिथे पाणी शिरलं की तो काळवंडतो आणि खड्याचं तेज गेलंच.

रत्नं तपासणाऱ्या प्रयोगशाळेचा अहवाल मागा, त्याचा नंबर स्वतः तपासा. परतीची मुदत लेखी घ्या. तेवढ्यात लक्ष्मी रोडवरच्या ओळखीच्या सराफाकडून भिंगाखाली बघून होतं.