लेक्चरर होऊ पाहणाऱ्या रेसिडेंटचा बंदोबस्त

विभागप्रमुख महोदय, आपल्या बधिरीकरणशास्त्र (म्हणजे भूल देण्याच्या) विभागात असा एखादा रेसिडेंट निघतोच. एमडीच्या दुसऱ्या वर्षाला असतो. दोन केसच्या मध्ये इंटर्नला मशीनपाशी उभा करतो आणि कॅप्नोग्राफची, म्हणजे पेशंटच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्राची, चौकोनी रेघ समजावून सांगतो. पेशंटच्या श्वासनलिका आवळल्या की हा चौकोन तिरका होत शार्कच्या परासारखा दिसायला लागतो, वगैरे. इंटर्नही चक्क ऐकत असतो. लक्षण वाईट आहे. वेळीच उपाय केला नाही, तर उद्या हा मुलगा ‘सर, मला इथेच शिकवायला राहायचंय’ म्हणत तुमच्या केबिनमध्ये येईल.

घाबरू नका. तीन वर्षं तो तुमच्याच ताब्यात आहे.

सुरुवात पहिल्या वर्षापासून, लॅरिंगोस्कोपने, म्हणजे श्वासनलिकेत ट्यूब टाकताना घशात बघायच्या उपकरणाने करावी. पोरगं वाकून बघतंय, जिभेमागून एपिग्लॉटिस (श्वासनलिकेवरचं झाकण) नुकताच डोकावलाय, अजून जरासं उचललं की व्होकल कॉर्ड (स्वरतंतू) दिसतील. सॅच्युरेशन ९९ आहे, घाई कसलीच नाही. नेमकं तेव्हा त्याच्या हातातून ब्लेड काढून घ्या. ‘सर्जन थांबलेत’ एवढं म्हटलं की पुरतं. ट्यूब स्वतः टाका आणि चहाला जा. त्याला का दिसत नव्हतं, हे मात्र सांगू नका. बहुतेकदा डोक्याखालची उशी नीट नसते, एवढंच असतं. पण ते त्याला कळलं तर पुढच्या वेळी तो स्वतः ट्यूब टाकेल, आणि त्याच्या पुढच्या वेळी ज्युनिअरला उशी लावायला शिकवेल. साथ अशीच पसरते.

प्रश्न विचारलाच, तर ‘उद्या सेमिनार घे यावर’ हे रामबाण उत्तर आहे. दुसऱ्या दिवशी सेमिनारला आपण येऊ नये. तोही रात्रभर इमर्जन्सी सिझेरियन करून आलेला असतो, त्यामुळे कुणाची तक्रार नसते.

मग थीसिस. संशोधनाची गोडी लागण्याचा खरा धोका इथे आहे, म्हणून विषय तुम्हीच द्या. स्पायनलच्या हेवीत, म्हणजे पाठीतून देण्याच्या भुलेच्या औषधात, फेंटानिल घातलं तर भूल जास्त टिकते की डेक्समेडेटोमिडिन घातलं तर? ६० पेशंट, ३०-३० चे दोन गट, एएसए ग्रेड एक आणि दोन, म्हणजे भुलेचा धोका कमी असलेले. उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्याच लायब्ररीच्या कपाटात ते चार वेळा बाइंड होऊन पडलंय. तरीही त्याने दर दोन मिनिटांनी पेशंटला सुई टोचून ‘दुखतंय का?’ विचारत बसावं, मास्टर चार्ट भरावा, स्टॅटिस्टिक्सवाल्याच्या दारात उभं राहावं आणि शेवटी तुमच्या सहीसाठी आठवडाभर केबिनबाहेर ताटकळावं. एखाद्याने स्वतःचा प्रश्न आणला, की आपल्या ट्रॉमा केसमध्ये पेशंट ओटीपर्यंत यायला उशीर का होतो बघूया का, तर ‘असले विषय एथिक्स कमिटीत अडकतात’ म्हणून वाटेला लावा. (अडकत नाहीत. उत्तर मात्र अडचणीचं येतं.)

काम छापून येणार असेल, तर लेखकांचा क्रम नीट लावा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या नियमांत सहयोगी प्राध्यापक व्हायला चार वर्षांचा अनुभव आणि दोन शोधनिबंध लागायचे, आणि नाव पहिल्या तिघांत नाही तर पत्रव्यवहार करणारा लेखक म्हणून असावं लागायचं. विभागात बढती अडलेले तिघं असतातच. मुलाला चौथा करा. सुया टोचल्याचं समाधान त्याचंच आहे.

इतकं करूनही एमडी झाल्यावर तो आलाच, तर पुढचं काम आपल्याला करावं लागत नाही, ते व्यवस्था करते. सीनिअर रेसिडेंट म्हणून एक वर्ष, अध्यापनाचा एक कोर्स, संशोधनाचा एक कोर्स, आणि मग १२० दिवसांची नेमणूक. मुदत संपली की सेवेत तांत्रिक खंड, मग पुन्हा १२० दिवस. घरी मुलीकडचे ‘परमनंट का?’ विचारतात तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. ९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यात १० नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन एका झटक्यात झालं. तिथे शिक्षक लागतातच. तेव्हा नवा, उत्साही माणूस आधी प्रतिनियुक्तीवर पाठवा. गडचिरोली, हिंगोली, वाशीम, कुठेही. इथे रोज चेहरा दाखवून हजेरी लावायची सवय झालेली आहेच, तिथेही तोच चेहरा चालतो.

आणि २०२५ च्या नियमांनी तर आपलं काम अगदीच हलकं केलंय. २२० खाटांच्या सरकारी रुग्णालयात १० वर्षं काम केलेला तज्ज्ञ आता थेट सहयोगी प्राध्यापक होऊ शकतो. त्यातले कित्येक उत्तम शिकवतील, वाद नाही. पण १२० दिवसांच्या हप्त्यांत चार वर्षं जमवत बसलेल्या आपल्या मुलाला ही बातमी अवश्य फॉरवर्ड करा, खाली हात जोडलेला इमोजी टाकून.

तोवर त्याचा बॅचमेट डिकीत भुलेची बॅग टाकून गावातली चार नर्सिंग होम करत असतो. केसमागे पैसे, थीसिस नाही, बायोमेट्रिक नाही. पैसे सहा महिन्यांनी मिळतात आणि रात्री दोनला ‘ब्लीडिंग होतंय, पाच मिनिटांत या’ असा फोन येतो, हे तो स्नेहसंमेलनात सांगत नाही. आपणही सांगू नये.

दर १६ ऑक्टोबरला, जागतिक भूल दिनाला, केक मात्र न चुकता कापा. १८४६ साली त्या दिवशी बोस्टनमध्ये मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने भरल्या सभागृहात पेशंटला भुलेसाठी इथर देऊन दाखवलं. त्याने त्यात रंग आणि सुगंध मिसळला होता, ‘लेथिऑन’ असं भलतंच नाव दिलं होतं, आणि महिन्याभरात पेटंटही घेतलं. बाटलीत काय आहे हे कुणाला कळू नये, ही त्याची तळमळ. विभागाच्या भिंतीवर फोटो लावायला याहून योग्य माणूस सापडणार नाही.

एवढ्यानंतर विभागात शिक्षकांच्या निम्म्या जागा रिकाम्या राहतील आणि डीन कारण विचारतील. तेव्हा ‘आजकालच्या पोरांना अध्यापनात रसच नाही’ असं म्हणून मोठा सुस्कारा टाका. पुरावा हवा म्हणाले, तर सर्वेक्षण करून टाका : ‘भूलतज्ज्ञ होऊ घातलेल्या निवासी डॉक्टरांमधील अध्यापनाची आवड’. गूगल फॉर्म नाइट ड्यूटी संपता संपता सकाळी सात वाजता पाठवायचा. माहिती गोळा करायला तो दुसऱ्या वर्षाचा, इंटर्नला रेघ समजावणारा मुलगा द्या, त्याला आवडही आहे. फक्त छापण्याआधी प्रश्नावली स्वतः एकदा नजरेखालून घाला. ‘आवड का कमी झाली?’ या प्रश्नाखाली त्याने ‘विभागप्रमुख’ असा पर्याय ठेवला असेल, तर तो काढून तिथे ‘इतर’ लिहा.