पंखावरून नर-मादी? गावठीत नाही चालत

‘एक दिवसाच्या पिल्लाचा पंख पसरा, पिसं लांब-आखूड दिसली तर मादी’ हे कोंबडीच्या पिल्लांवरच्या एका लेखात वाचलेलं वाक्य अर्धंच खरं आहे. ही खूण फक्त मुद्दाम तशा जोडीतून काढलेल्या हॅचरीच्या (यंत्रात अंडी उबवणाऱ्या केंद्राच्या) पिल्लांत चालते: बाप लवकर पिसं फुटणारा, आई उशिरा फुटणारी. मग लेकी बापावर जातात आणि मुलगे आईवर. आपल्या गावठी खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) कोंबडीखालच्या पिल्लांत हा हिशेब कुठला?

मी याच युक्तीने १२ ‘तलंगा’ (अजून अंड्यावर न आलेल्या माद्या) निवडून ठेवल्या होत्या. दीड महिन्यात त्यातल्या ७ जणींचे तुरे लालबुंद, म्हणजे कोंबडेच! पुढे पहाटे चारला जी जुगलबंदी सुरू झाली, ती शेजारच्या काकूंनी अजून माफ केलेली नाही. आता मी तुरा आणि पाय बघत सहा-आठ आठवडे थांबते. तरी शंका राहिलीच तर तीन महिन्यांच्या सुमारास शेपटीच्या मुळाशी लांब, टोकदार, चकचकीत पिसं येतात का ते बघते, आली की कोंबडाच. आणि १९३०च्या दशकात जपान्यांनी जगभर नेलेली गुदद्वार तपासायची पद्धत कृपया घरी करून बघू नका. त्याला तयार हात लागतो, नाहीतर पिल्लू दगावतं.