कॉल्पोस्कोपी म्हणजे ऑपरेशन नव्हे

महिलांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘कॉल्पोस्कोपी सांगितली म्हणजे कॅन्सर झालाच, दुर्बीण पोटात घालतात, पुढे मूल राहत नाही.’ यातलं काहीच खरं नाही.

पॅप (गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशींची तपासणी) किंवा एचपीव्ही (तिथल्या कॅन्सरला कारण ठरू शकणाऱ्या विषाणूची) चाचणीत काही वेगळं दिसलं की गर्भाशयाचं तोंड नीट पाहायला ही तपासणी करतात. बहुतेकींना कॅन्सर नसतो. दुर्बीण शरीराबाहेरच राहते. आत जातो तो फक्त स्पेक्युलम, म्हणजे योनीमार्ग उघडा ठेवणारं साधन, पॅपच्या वेळी असतो तोच. मग कापसाने सौम्य ॲसिटिक ॲसिड लावतात, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल. थोडं चुरचुरतं, आणि मिनिटभरात संशयित भाग पांढरा दिसू लागतो. कधी आयोडीनही लावतात. सगळं साधारण १५ ते २० मिनिटांत होतं. भूल सहसा लागत नाही.

गरज वाटली तर तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा बायोप्सीसाठी, म्हणजे प्रयोगशाळेत तपासायला, घेतात. तेव्हा चिमटा बसल्यासारखं दुखतं, पाळीसारखी कळ येते. नंतर दोन-चार दिवस थोडं रक्त किंवा काळपट स्राव जातो. त्याला घाबरू नका. मात्र रक्तस्राव जास्त झाला, ताप आला किंवा दुर्गंधी आली तर लगेच डॉक्टरांकडे जा. गर्भधारणेवर याचा परिणाम होत नाही. गरोदर असाल तर आधी सांगा. आणि बायांनो, त्या मेसेजपायी ठरलेली तारीख चुकवू नका.